घाम कपाळावर, काटा पोटावर

पाठीच्या कण्याला जबर मार लागलेला माणूस आमच्या वॉर्डात दाखल होतो, तेव्हा सोबत आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सिस्टर, हा पुन्हा चालेल ना?’ दुसरा प्रश्न हातांचा. लघवी-संडासचा प्रश्न मागाहून, बाकीचे चहाला गेले की, घुटमळत विचारला जातो. घामाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. अंगावर आलेल्या काट्याबद्दल, चेहऱ्यावर एकाएकी चढणाऱ्या लालीबद्दल, चोंदलेल्या नाकाबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. पुनर्वसनाच्या वॉर्डात परिचारिका म्हणून आयुष्याचा मोठा काळ घालवल्यावर मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती याच चिन्हांची. पाय लुळे पडले म्हणून माणूस तडकाफडकी दगावत नाही. ही चिन्हं ओळखली गेली नाहीत, तर तासाभरात दगावू शकतो.

आमच्याकडे येणारी माणसं बहुतेक तरुण, कमावती असतात. कुणी कोकणात आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडावरून पडलेलं असतं, कुणी बांधकामाच्या परांचीवरून. रात्रीच्या दुचाकीच्या अपघातातले असतात, उन्हाळ्यात उथळ पाण्यात सूर मारलेली पोरं असतात, दहीहंडीच्या थरांतून कोसळलेले गोविंदा असतात. मणक्याच्या क्षयाने हळूहळू पाय गेलेलीही असतात. मज्जारज्जूला इजा झाली की हालचाल जाते आणि स्पर्श जातो, एवढं घरच्यांना लवकर समजतं, कारण ते डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं. पण त्याच रज्जूतून आणखी एक कारभार चालतो, ज्याच्याकडे धडधाकट माणसाने कधी लक्ष दिलेलं नसतं. उभं राहिल्यावर रक्तदाब सावरणं, उकाड्यात घाम आणणं, थंडीत कातडीच्या रक्तवाहिन्या आवळणं, मूत्राशय भरल्याची वर्दी देणं आणि ते रिकामं करणं, आतडी हलती ठेवणं. या सगळ्याचा मिळून जो कारभार, तो स्वायत्त मज्जासंस्थेचा. जॉन लँगली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1898 मध्ये तिला हे नाव दिलं. ती आपल्या इच्छेवर चालत नाही, म्हणून बिघडली तरी माणसाला ‘माझं हे बिघडलंय’ असं बोट ठेवून सांगता येत नाही. सांगते ती तिची चिन्हं. ती दुसऱ्या कुणाला तरी वाचता यावी लागतात.

या संस्थेच्या दोन शाखा आहेत. रक्तवाहिन्या आवळणारी, हृदयाचा वेग वाढवणारी, घाम आणणारी शाखा मज्जारज्जूतून बाहेर पडते. पाठीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत तिच्या नसा निघतात. दुसऱ्या शाखेतली, हृदयाला शांत करणारी व्हेगस ही नस मात्र थेट मेंदूतून निघून मानेतून खाली उतरते. तिचा रस्ता मज्जारज्जूतून जात नाही. म्हणून मान मोडलेल्या माणसात हृदयाला सावकाश करणारा आदेश पोचतो, पण रक्तवाहिन्यांना सांभाळणारा आदेश इजेच्या जागी अडतो. आमच्या वॉर्डातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

सुरुवातीच्या आठवड्यांत याचा पहिला प्रत्यय बसवताना येतो. झोपलेल्या माणसाला टिल्ट टेबलवर हळूहळू उभं करायला घेतलं की रक्त पायांत आणि पोटात उतरतं. आपल्या अंगात त्या क्षणी तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्याच्या अंगात तो निरोपच पोचत नाही. झोपून मोजलेला वरचा रक्तदाब उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत वीस किंवा त्याहून जास्त अंकांनी घसरला, तर तो दोष मानायचा असा वैद्यकातला नियम आहे. आमच्याकडे घसरण कितीतरी अधिक असते. चक्कर आली की सगळ्यांना कळतं. पण चक्करेच्या आधीची चिन्हं सहज निसटतात. माणूस जांभया देऊ लागतो. बोलता बोलता गप्प होतो. मान आणि खांदे ओढल्यासारखे दुखतात म्हणतो. फिजिओथेरपीला नको नको म्हणणाऱ्या कित्येक तरुणांना घरच्यांनी आळशी ठरवलेलं मी ऐकलं आहे. ‘मनच नाही त्याचं, सिस्टर.’ अशा वेळी मी नातेवाइकांसमोरच बीपीचं मशीन लावते, आधी झोपवून, मग बसवून. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की बापाच्या चेहऱ्यावरचा राग जातो. पोटाला पट्टा, पायांना घट्ट मोजे, पाणी, आणि टेबलाचा कोन रोज थोडा वाढवत नेणं, यावर बहुतेकांचं शरीर हळूहळू जुळवून घेतं.

दुसरा प्रत्यय उन्हाळ्यात येतो. इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही. मान मोडलेल्या माणसाचं जवळजवळ सगळं अंगच घाम विसरलेलं असतं. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात झोपलेल्या अशा माणसाचं अंग दुपारी तापतं. घरचे तापाची गोळी देतात आणि वर गोधडी पांघरतात. जंतुसंसर्ग शोधायलाच हवा, लघवीतला तर नक्कीच, पण त्याच्या आधी खोलीत किती उकडतंय हे विचारायला हवं. ओला पंचा, फवाऱ्याची बाटली, पंखा आणि सावलीची जागा ही त्याची औषधं असतात. थंडीतही तेच. डिसेंबरच्या पहाटे त्याचं अंग गार पडतं आणि त्याला हुडहुडीही भरत नाही.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले, ते संकट याहून वेगळं आहे. त्याचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. वॉर्डात आम्ही ‘एडी’ म्हणतो. पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्यांना त्याचा धोका असतो. इजेनंतर काही दिवस ते काही आठवडे रज्जूचा खालचा भाग सुन्न पडलेला असतो. त्या अवस्थेला स्पायनल शॉक म्हणतात. त्या काळात एडी सहसा दिसत नाही. शॉक ओसरला, पायांत उबळ यायला लागली, की रज्जूच्या खालच्या भागातल्या प्रतिक्षिप्त क्रिया जाग्या होतात आणि त्यांच्याबरोबर हे संकटही जागं होतं. खरी अडचण इथे आहे. तोवर अनेकांना घरी सोडलेलं असतं. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, बिल भरलं, रुग्णवाहिका गावाला गेली. रुग्णालयात ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांनी एडी पाहिलेला नसतो. आणि जे घरी तो पाहतात, त्यांना त्याचं नाव कुणी सांगितलेलं नसतं.

एका संध्याकाळी माझा फोन वाजला. मुलगा झाडावरून पडून मानेत जखमी झालेला, घरी जाऊन काही महिने झालेले. फोनवर त्याची आई. ‘सिस्टर, ह्याचं तोंड लालबुंद झालंय. डोकं फुटतंय म्हणतो. घाम नुसता निथळतोय कपाळावरून. आणि पोटावर काटा आलाय बघा, थंडी तर काहीच नाही.’ मी विचारलं, पिशवीत लघवी किती आहे? ती म्हणाली, दुपारी होती तेवढीच. मी सांगितलं, आधी त्याला उठवून बसवा, पाय पलंगाखाली सोडा, पट्टा आणि कमरेची नाडी सैल करा, मग लघवीची नळी पिशवीपासून वरपर्यंत हाताने चाचपत जा. नळी मांडीखाली दुमडली होती. ती सरळ केल्याबरोबर पिशवी भरायला लागली. फोन चालूच होता. काही मिनिटांत डोकं उतरलं, घाम थांबला. ‘काटा गेला, सिस्टर,’ ती म्हणाली. तिने जे चार शब्द मला सांगितले होते, लाल तोंड, डोकेदुखी, घाम, काटा, त्यात संपूर्ण निदान होतं. शाळा तिने चौथीत सोडली होती. मुलाला घरी नेण्याआधी आमच्या वॉर्डात मात्र ती मन लावून बसली होती.

हे घडतं कसं, ते तिला मी पाटाच्या पाण्यावरून समजावलं होतं. खालच्या शेतांची सगळी दारं एकदम बंद केली, तर पाणी जाणार कुठे? ते वरच्या पाटात चढतं. भरलेलं मूत्राशय दुखावल्याचा निरोप नसांतून मज्जारज्जूत येतो. वर मेंदूकडे जाण्याचा मार्ग इजेपाशी तुटलेला असतो, म्हणून त्या माणसाला पोटात दुखत नाही. पण इजेच्या खाली तो निरोप रज्जूतल्या रज्जूतच प्रतिक्रिया उठवतो आणि पोटाच्या, पायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. शरीरातलं पुष्कळ रक्त ज्या भागात असतं, तोच भाग आवळला गेल्याने रक्तदाब झपाट्याने वर चढतो. मानेतल्या आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब ओळखणाऱ्या जागा असतात. त्या मेंदूला कळवतात. मेंदू दोन गोष्टी करतो. व्हेगसमार्फत हृदय सावकाश करतो, म्हणून दाब चढलेला असूनही नाडी मंद लागते. आणि खालच्या रक्तवाहिन्या सैल करण्याचा आदेश देतो, तो इजेच्या वरच पोचतो. त्यामुळे चेहरा आणि मान लाल होतात, नाक चोंदतं, कपाळावर घाम फुटतो. इजेच्या खाली मात्र कातडी फिकट, गार आणि काटा आलेली राहते. एकाच शरीरावर दोन ऋतू असावेत, असं दृश्य असतं. ते एकदा नीट पाहिलं की विसरत नाही.

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. पहिल्या महायुद्धात पाठीत गोळ्या लागलेल्या सैनिकांवर उपचार करताना हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक यांनी पाहिलं, की मूत्राशय भरलं की या सैनिकांना भरमसाट घाम येतो. त्यांनी ते 1917 मध्ये नोंदवून ठेवलं. पुढे लुडविग गुटमान हे जर्मनीतून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांनी इंग्लंडमध्ये 1944 मध्ये स्टोक मँडेव्हिल इथे मज्जारज्जूच्या रुग्णांचं केंद्र उभं केलं. डेव्हिड व्हिटरिज यांच्यासह 1947 मध्ये त्यांनी मूत्राशय भरल्यावर रक्तदाब, नाडी आणि त्वचा यांत नेमकं काय बदलतं, ते मोजून दाखवलं. शंभर वर्षांहून जुनं हे ज्ञान आहे. ते पुस्तकांत आहे, तज्ज्ञांच्या केंद्रांत आहे. तालुक्याच्या दवाखान्यात, रात्री अकरा वाजता, ते हाताशी असतंच असं नाही.

तिथे काय घडतं ते मला नातेवाइकांकडून वारंवार ऐकायला मिळतं. डोकेदुखीला पित्त म्हटलं जातं. घामाला साखर कमी झाली म्हटलं जातं, किंवा घाबरलाय म्हणतात. काट्याला ताप येणार म्हणतात. घरात कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतं. त्यांच्या जिवाची तगमग मी समजू शकते, कारण आजारी माणूसच सांगत असतो की काहीतरी भयंकर होणार असं वाटतंय. अशी अकारण धास्ती हेही एडीचंच एक लक्षण आहे. आणि मग रक्तदाबाचा आकडा. मान मोडलेल्या माणसाचा नेहमीचा वरचा दाब 90 ते 110 च्या दरम्यान असतो. त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा वीस ते चाळीस अंकांची वाढ झाली, की एडीची शंका घ्यायलाच हवी. एखाद्याचा नेहमीचा दाब 95 असेल आणि आज 140 दिसला, तर तपासणाऱ्याला तो ‘थोडासा वाढलेला’ वाटतो. त्या माणसासाठी तो धोक्याचा असतो. वेळीच आवरलं नाही, तर दाब 200 च्याही पुढे जातो. झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होतो.

असाच एक प्रसंग. मानेची इजा असलेला एक शिक्षक लग्नाला बाहेरगावी गेला होता. तिथे डोकं असह्य दुखू लागलं म्हणून त्याला एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नेलं. रक्तदाब वाढलेला दिसल्यावर त्याला आडवं झोपवलं, सलाईन लावलं आणि मेंदूच्या स्कॅनसाठी दुसरीकडे न्यायची तयारी सुरू झाली. आडवं झोपवलं की दाब आणखी चढतो. त्याची बायको सांगत होती, ‘याला बसवा, नळी बघा.’ तिला बाहेर थांबायला सांगितलं गेलं. ती गेली नाही. शेवटी एका तरुण डॉक्टराने तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि नळी तपासली. गाळ साचून ती तुंबली होती. ती बदलल्यावर दाब उतरला. त्या दवाखान्यावर मी ठपका ठेवत नाही. तिथे रोज वाढलेल्या रक्तदाबाचे रुग्ण येतात, मज्जारज्जूची इजा झालेला एखादाच येतो. पण त्या रात्री त्या खोलीत निदान ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, आणि तिला दाराबाहेर काढलं जात होतं. तेव्हापासून मी प्रत्येक घरच्याला चिन्हं शिकवते, तशी ती सांगायची कशी हेही शिकवते. आवाज न चढवता, पण मागे न हटता.

सगळ्यात जास्त वेळा कारण मूत्राशयात सापडतं. दुमडलेली नळी, तुंबलेली नळी, भरून राहिलेली पिशवी, नळी घालून लघवी काढायची वेळ चुकणं, मूत्राशयातला खडा. त्याखालोखाल आतड्यांचा नंबर, म्हणजे साचून घट्ट झालेला मल. ते तपासतानाही सावध राहावं लागतं, कारण बोट घालण्यानेच एडी भडकू शकतो. आधी बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून काही मिनिटं थांबायचं, मगच हात लावायचा. दोन्हीत काही सापडलं नाही, तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी बघायची. बेडसोर, आत वाढलेलं नख, बुटातला खडा, चादरीची घडी, कमरेखाली राहिलेलं बाटलीचं झाकण. त्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही, पण त्याच्या मज्जारज्जूला जाणवतं. दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजत राहायचं. कारण काढूनही दाब उतरत नसेल, किंवा कारणच सापडत नसेल, तर रुग्णालय गाठायचं, आणि उतरल्यावरही पुढचे काही तास नजर ठेवायची, कारण एडी परतून येऊ शकतो.

काही गोष्टी वॉर्डात मोठ्याने विचारता येत नाहीत. मज्जारज्जूची इजा झालेले अनेक पुरुष शरीरसंबंधासाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतात. डॉक्टरांनीच ती लिहून दिलेली असते, पण बायकोखेरीज कुणाला सांगायची त्यांची तयारी नसते. एडीत दाब उतरवायला नायट्रेट हे औषध वापरलं जातं. सिल्डेनाफिल घेऊन चोवीस तास झालेले नसताना नायट्रेट दिलं, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. म्हणून घरी जाण्याआधी मी प्रत्येक पुरुषाशी पडदा ओढून, एकट्याशी बोलते. ‘भाऊ, मला सांगू नका, पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला नक्की सांगा.’ लाजेमुळे जीव जाऊ नये, एवढंच त्यामागे असतं.

बायकांच्या बाबतीत गरोदरपण हा वेगळा अध्याय आहे. पाठीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेली बाई गरोदर राहू शकते, मूल जन्माला घालू शकते. पण कळा सुरू झाल्याचं तिला पोटात जाणवत नाही. तिला कळतं ते डोकेदुखीतून, घामातून, चढत्या दाबातून. ते पाहून गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाचा आजार समजला जाऊ शकतो. फरक ओळखायची एक खूण आहे. एडीत दाब कळेबरोबर चढतो आणि कळ सरली की उतरतो. एका अशा बाळंतपणात मी शेजारी बसून दर कळेला आकडे लिहिले होते. तो कागद पाहून भूलतज्ज्ञांनी पाठीतून भूल द्यायचा निर्णय घेतला, कारण त्या भुलीने खालून येणारे निरोपच थांबतात. बाळ रडलं तेव्हा आईचं डोकं दुखत नव्हतं.

या प्रतिक्रियेत केवढी ताकद आहे, हे दिव्यांग खेळाडूंच्या जगानेही पाहिलं आहे. मज्जारज्जूची इजा असलेले काही खेळाडू शर्यतीआधी मुद्दाम मूत्राशय भरून ठेवत किंवा पायांना पट्टे आवळत. उद्देश हा, की दाब चढावा आणि स्नायूंना जास्त रक्त मिळून वेग वाढावा. त्याला ‘बूस्टिंग’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यावर 1994 मध्ये बंदी घातली. आमच्या वॉर्डातली तरुण पोरं व्हीलचेअरवरचे खेळ मोबाईलवर बघतात, मुरलीकांत पेटकरांचं नाव त्यांच्या तोंडी असतं. 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक मिळवणारा हा सांगली जिल्ह्यातला जवान त्यांना आपला वाटतो, आणि वाटायलाच हवा. त्यांच्याशी खेळाबद्दल बोलताना मी बूस्टिंगबद्दलही स्पष्ट बोलते. डोक्यातली रक्तवाहिनी फुटण्याचा धोका पत्करून मिळणारं पदक कुणाच्याही घरी नको.

इतकी वर्षं या माणसांबरोबर राहून मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं, ते मात्र धोक्याच्या पलीकडचं आहे. हळूहळू कित्येकांना आपली स्वतःची चिन्हं सापडतात. पतसंस्थेत काम करणारे एक गृहस्थ म्हणत, टाळूला खाज सुटली की समजायचं, लघवी काढायची वेळ झाली. एका मुलीला कानामागे गरम वाटायचं. एकाच्या दंडावर बारीक काटा उभा राहायचा. या सगळ्या एडीच्याच सौम्य, सुरुवातीच्या खुणा. मूत्राशयाची संवेदना गेली, तिच्या जागी ही आली. खालच्या शरीराने मेंदूशी बोलायचा मोठा रस्ता गमावला, पण घामाचा, काट्याचा आणि लालीचा एक आडमार्ग शिल्लक राहिला. जे हा मार्ग ओळखायला शिकतात, त्यांचा दिवस त्यांच्या ताब्यात येतो. ते प्रवासाला निघतात, कचेरीत बसतात, लग्नाच्या पंगतीत जेवतात. मात्र सगळ्यांनाच अशी खूण मिळत नाही. काहींना दाब चढूनही काहीच जाणवत नाही. त्यांच्यासाठी घड्याळ आणि बीपीचं मशीन हाच आधार.

म्हणून आमच्या वॉर्डात घरी सोडण्याआधी शिकवणी असते. त्यात डॉक्टर असतात, फिजिओथेरपिस्ट असतात, पण मागच्या बाकावर वॉर्डातल्या मावशी आणि मामाही असतात, कारण रात्री तीन वाजता पहिली हाक त्यांना जाते. लघवी काढण्याआधी आणि काढल्यानंतर रक्तदाब मोजायला मी आई, बायको, भाऊ, जो कुणी घरी सांभाळणार असेल त्याला बसवते. आकडा डोळ्यांदेखत उतरताना पाहिला, की ते जन्मभर लक्षात राहतं. नुसत्या व्याख्यानाने ते होत नाही. माणूस घरी गेल्यावर पहिलं वर्ष मी फोन करत राहते. ‘कसा आहेस’ याचं उत्तर ‘बरा आहे’ असंच येतं, म्हणून मी वेगळं विचारते. डोकं कधी दुखतं? घाम कुठे येतो, कपाळावर की अंगभर? नाक चोंदतं का? संडासच्या वेळी काटा येतो का? या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात.

आणि एक कार्ड असतं. आधार कार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं, व्हीलचेअरच्या पाठीला लटकवलेलं. त्यावर इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब, आणि पुढे मराठीत: बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी बघा, मूत्राशय बघा, संडास बघा, कातडी बघा. खाली डॉक्टरांसाठी औषधांच्या दोन ओळी आणि सिल्डेनाफिलचा इशारा. हे कार्ड बनवायला काही रुपये लागतात. माझं मागणं एवढंच आहे, की मज्जारज्जूच्या वरच्या भागात इजा झालेल्या कुणालाही, शस्त्रक्रिया कुठल्याही रुग्णालयात झालेली असो, या कार्डाशिवाय घरी सोडू नये. डिस्चार्जच्या कागदावर शस्त्रक्रियेचं नाव, स्क्रूची मापं आणि औषधांच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्याच कागदावर ‘या माणसाचा नेहमीचा रक्तदाब अमुक आहे’ हे एक वाक्य लिहायला अर्ध मिनिट पुरतं. पुढे कधीतरी कॅज्युअल्टीतला एखादा अनोळखी डॉक्टर तो आकडा वाचेल, शेजारी उभ्या असलेल्या आईला विचारेल, ‘तुम्हाला काय दिसलं?’, आणि ती जे सांगेल ते मन लावून ऐकेल. तेवढं झालं, तर बाकीचं करता येण्याजोगं आहे.